आधी वायर, मग दुसरा ॲम्प

पत्र : माझ्याकडे २०१९ ची पेट्रोल स्विफ्ट आहे. अँड्रॉइड स्टिरिओ आणि डिकीत चार चॅनलचा ॲम्प (४ × ७५ वॅट). दोन चॅनलवर पुढचे कंपोनंट स्पीकर, उरलेले दोन ब्रिज करून (एकत्र जोडून) त्यावर दहा इंची सबवूफर. सबवर ‘ड्युअल ४ ओहम, ३०० वॅट आरएमएस’ असं लिहिलंय. मागच्या दारांचे कंपनीचे स्पीकर थेट स्टिरिओवर आहेत. अर्धा तास जरा मोठ्याने लावलं की ॲम्प हात लावू नये इतका तापतो, लाल दिवा लागतो आणि सगळंच बंद पडतं. रात्री ठोक्यागणिक हेडलाइट मिचमिचतात. दुकानदार म्हणतो, सबला वेगळा मोनो (एकाच चॅनलचा) ॲम्प घ्या (खोक्यावर १५०० वॅट लिहिलंय), तो आहे त्याच वायरला जोडून देतो, आणि वर एक कपॅसिटर टाकू म्हणजे लाइटचा प्रश्न मिटेल. वायरीवर ‘४ गेज’ छापलंय, मायनस मागच्या सीटच्या बोल्टला दिलाय. सगळे मिळून अठरा हजार सांगतोय. घरचे म्हणतात, एवढ्यात टायर आले असते. काय करू? – एक वाचक, कोल्हापूर

नमस्कार.

टायर खरोखरच गुळगुळीत झाले असतील तर घरच्यांचं ऐका, त्यावर माझ्याकडे दुसरा सल्ला नाही. टायर धड असतील तर पुढे वाचा. मोनो ॲम्प घ्या, दुकानदाराचं तेवढं म्हणणं बरोबर आहे. तो आहे त्या वायरला मात्र जोडू देऊ नका. आणि कपॅसिटरचे पैसे वाचवा, त्यांची गरज वायरीला लागणार आहे.

आधी ॲम्प का तापतो ते बघू, कारण दुसरा ॲम्प लावण्याचं खरं कारण तिथेच आहे. ‘ड्युअल ४ ओहम’ म्हणजे सबमध्ये ४-४ ओहमच्या दोन कॉइल. समांतर जोडल्या तर २ ओहम होतात, सिरीजमध्ये जोडल्या तर ८. दोन्ही कॉइल वापरून या सबमधून ४ ओहम काढायची सोयच नाही. आणि चार चॅनलचे बहुतेक ॲम्प ब्रिज केल्यावर कमीत कमी ४ ओहम पेलायला बनवलेले असतात; ओहम जितके कमी, तितका करंट आणि ताण जास्त. ब्रिज केलं की प्रत्येक चॅनलच्या वाट्याला सबच्या निम्मेच ओहम येतात. म्हणजे तुमच्या सबचे २ ओहम ॲम्पच्या त्या दोन चॅनलना एकेक ओहमसारखे जाणवतात. ‘बेस जरा जास्त येतो’ म्हणून फिटर मंडळी सर्रास अशी जोडणी करतात. येतोही, अर्धा तास. मग ॲम्प स्वतःचा जीव वाचवायला प्रोटेक्शनमध्ये जातो, तोच तुमचा लाल दिवा. ॲम्प बिघडलेला नाही, त्याच्यावर जुलूम चाललाय.

माझ्या शब्दावर जाऊ नका, मोजून बघा. सबच्या दोन्ही वायरी ॲम्पवरून सोडवा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि त्या टोकांवर मोजा. दोनच्या किंचित खाली आकडा आला तर समांतर जोडणी आहे, साडेसहा-सातच्या आसपास आला तर सिरीज. (मीटरवर नेहमी छापील आकड्यापेक्षा थोडं कमीच दिसतं, घाबरू नका.) सिरीज निघाली तर दोष ओहमचा नाही, मग कमी व्होल्टेज आणि कोंदट जागा यांच्याकडे बघावं लागेल. पण तुमचं वर्णन वाचून माझा कौल समांतरच्या बाजूने आहे. तसं निघालं तर काम होईपर्यंत सब बंदच ठेवा. प्रोटेक्शनमध्ये वारंवार जाणारा ॲम्प एक दिवस परत येत नाही.

मोनो ॲम्प यासाठीच बनवलेले असतात. बरेचसे २ ओहमवर निवांत चालतात, काही १ ओहमवरही. बहुतेक क्लास डी रचनेचे असल्याने घेतलेल्या विजेतली सुमारे ८० टक्के ते स्पीकरला देतात. तुमचा जुना क्लास एबी या आधीच्या रचनेचा असणार, त्याचं हेच गणित पूर्ण आवाजाला ५० ते ६० टक्क्यांवर अडतं, बाकीची उष्णता.

आता ते १५०० वॅट. ॲम्प हातात घ्या आणि वायरी जोडतात त्या बाजूला त्याचा स्वतःचा फ्यूज बघा. समजा ४० ॲम्पिअरचा आहे. चालू गाडीत साधारण १३.८ व्होल्ट मिळतात. ४० गुणिले १३.८ म्हणजे साडेपाचशे वॅट, एवढीच वीज आत जाऊ शकते. त्यातले ८० टक्के बाहेर येतील, म्हणजे जेमतेम ४४०. मग पंधराशे कुठून आले? खोक्यावरून आले, दुसरीकडून कुठून येणार! तुम्हाला ३०० वॅटचा सब चालवायचाय, तेव्हा २ ओहमवर ३०० ते ४०० वॅट आरएमएस (म्हणजे सतत मिळणारे, खरे वॅट) देणारा कुठलाही प्रामाणिक ॲम्प पुरे. माहितीपत्रकात ‘आरएमएस’ आणि ‘२ ओहम’ हे शब्द एकाच ओळीत सापडले पाहिजेत. नसतील सापडत तर तो ॲम्प दुकानातच राहू द्या.

आणि एक अपेक्षा आत्ताच आवरा. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, कानाला ‘हो, थोडा वाढला’ एवढंच कळतं. दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. त्यामुळे दुसऱ्या ॲम्पने गाडीचं छप्पर उडणार नाही. मिळेल ते वेगळंच आहे: बेस गुबगुबीत न राहता नेमका वाजेल, तासभर चालवून ॲम्प कोमट राहील, आणि ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावल्यावर ढोल पडला की ताशा दबणार नाही, कारण पुढचे स्पीकर आणि सब एकाच वीजपुरवठ्यावर हमरीतुमरीवर येणार नाहीत. माझ्या मते तेवढ्यासाठी हा खर्च योग्य आहे.

आता वायर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण गाडीतल्या ऑडिओच्या निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मुरतात.

दोन्ही ॲम्प पूर्ण ताकदीने चालले तर जुना सुमारे ४० आणि नवा ३५ ते ४०, म्हणजे ७५-८० ॲम्पिअर ओढतील. गाण्यात सतत एवढं लागत नाही, सरासरी याच्या तिसऱ्या हिश्श्यात किंवा त्याहून खाली राहते. पण ठोका पडतो त्या क्षणी वायरीने तेवढं द्यायलाच हवं. खरी ४ गेजची वायर म्हणजे सुमारे २१ स्क्वेअर एमएम तांबं. वरचं प्लास्टिक सोडून आतल्या तारांचा जुडगा जवळपास पेन्सिलीएवढा भरला पाहिजे. स्वस्त किटमधल्या ‘४ गेज’मध्ये प्लास्टिक जाड आणि आतला जुडगा ८ गेजचा, म्हणजे ८ स्क्वेअर एमएमच्या आसपास, असं हमखास सापडतं. वर तेही तांबं नसतं, ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा असतो. टोकाला एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर समजून जा.

फरक किती पडतो ते बघा. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर धरू आणि ७० ॲम्पिअरचा ठोका. शुद्ध तांब्याच्या खऱ्या ४ गेजमध्ये सुमारे ०.३ व्होल्ट वाटेत जातात. तांब्याच्याच ८ गेजमध्ये ०.७. मुलाम्याच्या ८ गेजमध्ये एक व्होल्टच्या वर. म्हणजे बॅटरी साडेतेरा देतेय आणि ॲम्पला साडेबारा पोचतायत, हे मायनसचा तोटा धरायच्या आधी. अशा वायरीला दुसरा ॲम्प जोडायचा म्हणजे ती तापणार, आणि ती तुमच्या पायाखालच्या कार्पेटच्या आतून गेलेली आहे.

तर नवीन एकच जाड वायर टाका: शुद्ध तांब्याची, २१ किंवा २५ स्क्वेअर एमएम. ऑनलाइन ‘ओएफसी’ (म्हणजे शुद्ध तांबं) लिहिलेलं किट मिळतं, पण कोल्हापुरात राहून तुम्हाला दुसरा रस्ताही आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीला माल देणाऱ्या इलेक्ट्रिकल दुकानात २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वेल्डिंग केबल मीटरवर मिळते. बारीक तारांची, लवचिक, वाकवायला सोपी. ॲल्युमिनिअमचीही मिळते, म्हणून ‘कॉपरच’ असं ठासून सांगा आणि टोक बघूनच घ्या. बोनेटच्या बाजूला तिच्यावर कोरुगेटेड स्लीव्ह चढवा, उष्णता आणि तेलापासून रबर वाचेल. त्याच दुकानात किंवा पॅनल बनवणाऱ्याकडे हायड्रॉलिक क्रिम्पर असतो, टोकांना तांब्याचे लग (बोल्टखाली बसणारी टोकं) तिथेच दाबून घ्या. वायर पिळून, गुंडाळून, वर काळी टेप लावणाऱ्या फिटरला नमस्कार करा आणि गाडी काढा.

वायर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) जाते तिथे भोकाच्या कडेला रबराचं ग्रोमेट, म्हणजे कडं, हवंच. कापलेल्या पत्र्याची कड दोन-तीन वर्षांच्या थरथरीत इन्सुलेशन कापते, आणि कोल्हापूरच्या पावसात त्याच भोकातून पाणी आत येतं ते वेगळं. वायर कापली जाऊन पत्र्याला लागली तर काय होतं, त्यासाठीच बॅटरीजवळचा फ्यूज. तो बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. हा फ्यूज ॲम्पला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. त्याच्या आणि बॅटरीच्या मधला तुकडा संरक्षणाविनाच राहतो, म्हणून तो जितका आखूड तितका बरा. तुमच्या हिशेबाला ८० चा पुरे, १०० च्या वर जायचं नाही. ‘सारखा उडतो म्हणून मोठा टाकला’ हे वाक्य जळालेल्या गाड्यांच्या मालकांकडूनच ऐकायला मिळतं.

डिकीत पोचल्यावर ती जाड वायर फ्यूज असलेल्या डिस्ट्रिब्युशन ब्लॉकमध्ये जाईल आणि तिथून दोन फांद्या निघतील, प्रत्येक ॲम्पला एक, प्रत्येकीला ४० चा फ्यूज. फांद्या १० स्क्वेअर एमएमच्या, आखूड. जुन्या ॲम्पच्या टर्मिनलवरूनच नव्याला वायर ओढणं, ज्याला तुमचा दुकानदार ‘जोडून देतो’ म्हणतोय, ते चालणार नाही.

मायनस. सीटचा बोल्ट रंग, प्रायमर आणि गंजरोधक थराच्या आत बसलेला असतो, आणि तो अपघातात सीट धरून ठेवण्यासाठी आहे. सीटबेल्टच्या बोल्टला तर हात लावायचाच नाही. डिकीच्या पत्र्यावर नवीन जागा करा: नाण्याएवढा भाग लोखंड चमकेपर्यंत घासा, लग ठेवा, दातेरी वॉशर आणि नटबोल्ट घट्ट आवळा, मग वरून रंग किंवा ग्रीस लावून हवा बंद करा. भोक पाडण्याआधी मात्र गाडीखाली वाकून बघा. या गाड्यांची पेट्रोलची टाकी मागच्या सीटच्या खालीच असते, आणि ड्रिल मशीनला ते माहीत नसतं. दोन्ही ॲम्पची मायनस एकाच ठिकाणी द्या, अर्ध्या मीटरच्या आत, प्लसएवढ्याच जाडीची. बोनेटखाली बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला येणारी कंपनीची वायर बारीक वाटली तर तिच्या जोडीला आणखी एक जाड टाकून घ्या, स्वस्तात होणारं काम आहे. (ज्या नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर करंट सेन्सर बसवलेला असतो, तिथे हे टोक टर्मिनलवर न देता सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूला द्यायचं.)

हे सगळं करायच्या आधी, आज संध्याकाळी, दहा मिनिटांची एक चाचणी करा. इंजिन चालू ठेवा, सब दोन मिनिटांपुरता जोडून बेसचं गाणं लावा. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक ॲम्पच्या मायनस टर्मिनलला, दुसरं लांब वायरीने थेट बॅटरीच्या मायनसला. आदर्श आकडा शून्य. ठोक्याला ०.१-०.२ च्या वर उडी मारत असेल तर सीटचा बोल्ट रंगेहाथ सापडला. मग प्लसचं तसंच: ॲम्पचा प्लस ते बॅटरीचा प्लस. जितके व्होल्ट दिसतील तितके वायर खातेय. हेडलाइट मिचमिचण्याचं मूळ मात्र या मोजणीत येणार नाही. ते बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. तिथलाच आकडा ठोक्याला साडेतेरावरून बाराकडे घसरत असेल तर बॅटरी थकली आहे, तिचे टर्मिनल सैल आहेत किंवा आयडलला अल्टरनेटर कमी पडतोय. अल्टरनेटरच्या अंगावरचा ॲम्पिअरचा आकडा इंजिन जोरात फिरत असतानाचा असतो, सिग्नलला उभं राहून तो मिळत नाही. दोन ओहमवर कोंडलेला आत्ताचा ॲम्प जेवढा बेफाम करंट ओढतोय, तेवढा पुढे ओढला जाणार नाही, त्यामुळे मिचमिच निम्मी तर आपोआप कमी व्हायला हवी.

कपॅसिटर का नको? एक फॅरडच्या कपॅसिटरमध्ये १४.४ पासून १२ व्होल्टपर्यंत उतरताना मिळणारी ऊर्जा सुमारे ३२ ज्यूल. ५०० वॅटची भूक ती सेकंदाच्या सोळाव्या हिश्श्यात संपवते. पुढच्या ठोक्याआधी तो भरायचा कोणी? त्याच अल्टरनेटरने, त्याच बारीक वायरीतून. त्याच्यावरचे निळे आकडे लुकलुकतात, छान दिसतो, एवढंच.

सिग्नलचं काम तुमच्याकडे सोपं आहे. अँड्रॉइड स्टिरिओच्या मागे पुढचा, मागचा आणि सबचा असे आरसीए (ॲम्पला सिग्नल देणारे जोड) बहुधा असतात. सबचा आरसीए थेट मोनोला द्या, म्हणजे बेसचा आवाज स्क्रीनवरून वेगळा कमी-जास्त करता येईल, आजी बसल्या की शून्यावर. आरसीए गाडीच्या एका बाजूने, जाड प्लस दुसऱ्या बाजूने. एकत्र नेल्या की ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येण्याची शक्यता वाढते. शिट्टी तरीही आली तर आधी अर्थिंग, म्हणजे मायनसची जोडणी, बघा, ‘नॉइज फिल्टर’ विकत घेऊ नका. निळी रिमोट वायर (स्टिरिओबरोबर ॲम्प चालू करणारी) दोन ॲम्पना चालते, पहिल्यावरून दुसऱ्याला नेली तरी हरकत नाही. तिच्यावर कूलिंग फॅनही टाकायचा विचार असेल तर मध्ये रिले लावा.

मोनोवर लो पास (फक्त खालचे सूर जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झला, चार चॅनलवर पुढच्यांना हाय पास (फक्त वरचे सूर) तिथेच. सबचं खोकं पोर्टवालं (हवेसाठी भोक असलेलं) असेल तर सबसॉनिक, म्हणजे अगदी खालचे सूर कापणारा फिल्टर, २५-३० ला. बेस बूस्ट शून्य, त्यावर चर्चा नको. गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही, स्टिरिओचे व्होल्ट आणि ॲम्प यांची जुळणी आहे. सब सोडवा, स्टिरिओचा इक्वलायझर सपाट करा, आवाज पाऊण पट्टीवर ठेवा, ५० हर्ट्झचा टोन वाजवा आणि मोनोच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजत गेन वाढवा. ३०० वॅट, २ ओहम, म्हणजे गुणाकाराचं वर्गमूळ २४.५ व्होल्ट. तिथे थांबा. साधा मीटरही ५० हर्ट्झला बरोबर दाखवतो, घरच्या विजेची तीच वारंवारिता आहे. मग सब जोडा आणि फेज स्विच शून्य आणि १८० दोन्हीकडे करून ड्रायव्हरच्या सीटवर ऐका. ज्या बाजूला बेस भरीव लागेल ती बाजू बरोबर.

मोकळे झालेले दोन चॅनल मागच्या दारांना द्या, गेन पुढच्यांपेक्षा बराच कमी. कोणीतरी म्हणेल, पुढच्यांना दोन-दोन चॅनल ब्रिज करून दीडशे-दोनशे वॅट द्या. ट्वीटर जाळायचे असतील तर द्या. त्यापेक्षा उरलेल्या पैशात पुढच्या दोन दारांना आतून डॅम्पिंग शीट चिकटवून घ्या. दाराचा पत्रा थरथरायचा थांबला की त्याच स्पीकरमधून जो मिडबेस निघतो, तो ऐकून ॲम्प बदलल्यासारखं वाटतं. नंबर प्लेटमागे फोमची पट्टीही लावा, सबचा निम्मा खडखडाट तिथून येतो.

पन्हाळ्याला गाडी उभी करून, डिकी उघडून, इंजिन बंद ठेवून तास दोन तास वाजवायचा बेत असेल तर सोडून द्या. तुमची बॅटरी ३५ ॲम्पिअर-तासांच्या आसपासची आहे, सरासरी २० ॲम्पिअर ओढले तर तासाभरात धक्का मारायची वेळ येईल. शिवाय २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र १० वाजता सुरू होते, आणि डिकीतला सब ती सहज ओलांडतो.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी दुकानातच इंजिन चालू करून, नेहमीच्या मोठ्या आवाजात, दोन्ही ॲम्पच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजून घ्या. तेराच्या आसपास टिकले तर उत्तम, साडेबाराच्या खाली जात असतील तर लग, फ्यूज होल्डर आणि अर्थिंगचा बोल्ट एकेक हाताने चाचपा. जो गरम लागेल तो सैल आहे. तो तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या आणि मगच हिशेब.